बाय बर्फावर, मी छपरावर

आमच्या वाडीत बर्फाला पूर्वापार दोनच कामं. एक मासळी टिकवायची, दुसरं मढं टिकवायचं. त्याच्यावर माणसं नाचतात आणि त्याला खेळ म्हणतात, हे मला अठ्ठ्याऐंशी साली कळलं, तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. त्या खेळात जायबंदी झालेला रत्नागिरी तालुक्यातला एकुलता एक इसम मीच असणार.

मी शिकलेला नाही. तिसरीत मास्तरांनी हाकललं आणि बापाने मचव्यावर घेतलं. पुढे तांडेल झालो, म्हणजे मचव्यावर शेवटचा शब्द माझा. घरात शेवटचा शब्द हिचा. (पहिलाही हिचाच. मधे कुठे जागा उरली तर मी खोकून घ्यायचो.) ही म्हणजे माझी बायको. ती आता नाही, दीड वर्ष झालं. ती असती तर हे लिहायची पाळी आली नसती. तिनेच वाडीभर सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं.

हिला धाप लागायची. विहिरीवरून कळशी आणली की उंबऱ्यावर बसून राहायची, पाय सुजायचे. सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाला, काळजाची झडप बिघडलीय, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, पावसाळ्याची वाट बघू नका. मी म्हटलं, एवढंच ना! मचव्याच्या इंजिनाचे वाल मी ह्या हातांनी बदललेत.

घरी येऊन तिला समजावलं, "अगो, वाल बदलतात, इंजिन परत धडधडतं. त्यात काय!"

"मी तुमचा मचवा नाय," ती म्हणाली. "आणि तुमी बदललेला वाल आठ दिवसांत परत गेला हुता. समद्या वाडीला म्हायत हाय."

खरं होतं. 

ती घाबरली होती ते निराळ्याच कारणाने. दोन वर्षांमागे शेजारची एक बाई अशीच ऑपरेशनला मुंबईला गेली आणि परत आली ती टेम्पोतून, बर्फाच्या लाद्यांवर. हिनेच तिला शेवटचं कुंकू लावलं होतं. हात लावला तर सुरमईसारखी गार, असं ही म्हणायची, आणि म्हणून झालं की आपलेच हात पदरात गुंडाळायची. त्यामुळे मुंबईचं नाव काढलं की ही चुलीत फुंकायला लागायची. चूल पेटलेली असली तरी.

मुंबईहून मुलाचं पत्र आलं. मोठ्या दवाखान्यात आईसाठी खाट मिळतेय, होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतील. शिमगा तोंडावर आला होता. आमच्याकडे अशा अडलेल्या कामाला एकच रस्ता: देवीचा कौल. गुरव मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गेलो. गुरवाने चिकटवल्या. बसलो. तासभर बसलो. दोन्ही पाकळ्या अशा घट्ट, की जशा डिंकाने लावल्यात! गुरवाला जांभई आली. मी हळूच उजवीच्या बाजूने फुंकर मारली, तर हिने माझ्या मांडीला चिमटा काढला.

गुरव म्हणाला, "देवी बोलत नाय. पुनव झाली की या."

"पुनवेला खाट राहत नाय रे बाबा!"

"त्ये देवीला सांगा," म्हणाला आणि गाभारा झाडायला लागला.

आता टीव्हीचं सांगतो. मुलाने रंगीत टीव्ही पाठवला होता. अँटिना छपरावर लोखंडी पाइपाला बांधलेली. ती जरा हलली की चित्र जाऊन पडदाभर मुंग्या. त्या फेब्रुवारीत टीव्हीवर परदेशातले बर्फाचे सामने दाखवायला लागले. एक माणूस डोंगराएवढ्या घसरगुंडीवरून सुटायचा आणि हवेत आडवा होऊन जायचा. चौघे एका डब्यात बसून गटारासारख्या बर्फाच्या चरातून सुसाट जायचे. मी म्हटलं, ह्यांना घरी कामं नाहीत. पण ही पाय उशीवर ठेवून बघत राहायची. आणि मग त्या पोरी आल्या, पायाला सुऱ्या बांधून गिरक्या घेणाऱ्या. त्यातली एक बारकीशी, लाल झग्यातली, हिच्या मनात भरली. देश कुठला ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, नाव तर उच्चारता येईना. ही तिला नुसतं 'बाय' म्हणायची.

बुधवारी बाय उडी मारून उतरताना पडली. साधी नाही, चांगली दोन हात घसरत गेली. आणि उठली! हसली आणि परत नाचायला लागली.

ही उठून बसली. "बगितलंत? उठली!"

"पडली ते नाय बगितलंस?" मी म्हटलं. (माझी जीभ ही अशी.)

हिने पायाखालची उशी बाजूला सारली. मग म्हणाली, "आयतवारी सकाळी तिचा शेवटचा नाच हाय. देवी बोलत नाय, तर ही सांगेल. आयतवारी बाय नाय पडली, तर मी मुंबईला जाईन. पडली तर जानार नाय. हाच माजा कौल."

"अगो, त्या पोरीला रत्नांगिरी कुठं हाय म्हायत नाय!"

"देवीला तरी मुंबईचा दवाखाना कुठं म्हायत हाय?" ही म्हणाली.



मी घाबरलो. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला कोण बुडणार ते काठावरूनच दिसतं. त्या पोरीचा डावा पाय लचकत होता. रविवारी पडणार म्हणजे पडणार! आणि ती पडली की ही हातची गेली. आता बायकोला कौल घेऊ नको म्हणणं म्हणजे ओहोटीला थांब म्हणणं. तेव्हा कौल होऊ दे, पण पडलेली दिसू द्यायची नाही, असं मी ठरवलं. तांडेलाचं डोकं!

शेजारच्या धर्माला गाठलं. धर्मा माझ्याच वयाचा, मचव्यावर माझ्या हाताखाली होता. "ऐक," मी म्हटलं. "आयतवारी मी छपरावर अँटिना धरून बसनार. तू आत टीव्हीजवळ खिडकीत बस. पोरगी उडी मारायला निघाली की मला खूण कर. मी पाइप फिरवतो, मुंग्या येतील. उतरली की परत फिरवतो. मधे पडली का उभी राहिली, कुनाला दिसनार नाय. तू वरडायचं, नाय पडली, नाय पडली!"

"पन टीव्हीत मुंग्या असल्यावर मला कसं दिसलं, असं वैनी इचारतील."

"सांग, तुजे डोळे चांगले हायत."

"मला मोतीबिंदू हाय."

"तरी सांग!"

खूण काय करायची ह्यावर अर्धा तास गेला. शीळ नको, बायका संशय घेतात. हाक नको. शेवटी माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं: खोक. एकदा खोकलास की मी फिरवीन, परत खोकलास की सरळ करीन.

आता धर्मा दिवसाला दोन बंडल विड्या ओढतो. त्याचा खोकला ऐकून वाडीतली कोंबडी उठतात. चाळीस वर्षं मी तो खोकला ऐकत आलो होतो. पण ठरवताना माझ्या ते ध्यानात आलं नाही, त्याच्याही आलं नाही. दोघांनी एकमेकांच्या हुशारीवर विडी ओढली.

रविवारी सकाळी वाडीतल्या आठ-दहा बायका येऊन बसल्या. कौल म्हटल्यावर घरात कोण राहतं! हिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, केसांत अबोली. टीव्हीला हळदकुंकू लावलेलं. समोर नारळ. मी शिडी लावली.

"कुठं निगालात?" हिने विचारलं.

"वारा हाय. अँटिना धरायला पायजे."

"वारा? बायरं पान हलत नाय."

"तुला काय कळतं वाऱ्यातलं? तांडेल तू का मी?" म्हटलं आणि चढलो. नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल कौलांचं छप्पर, पहाटेच्या दवाने निसरडं. कण्यावर दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर बसावं तसा बसलो. पाइप कवळला. नळ्यांच्या फटींतून आतलं सगळं ऐकू येत होतं, दिसत काहीच नव्हतं.

आत धर्माने गाऱ्हाणं घातलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण नारळ दिसला की तो थांबत नाही. "बा देवी म्हाराजा! आज ही जी कोन परमुलखातली लेक तुज्या समोर बर्फावर उभी हाय—"

"व्हय म्हाराजा!" बायकांनी साद दिली.

"तिच्या पायात पाय अडकू देऊ नको, तिची सुरी बोथट होऊ देऊ नको—"

"व्हय म्हाराजा!"

"आनि तिला कुनी वायट नजरेनं बगितलं असंल तर त्येचे डोळे—" आणि इथे धर्माला खोकला आला.

मी पाइप फिरवला.

"अवो! चित्र गेलं!" ही आतून ओरडली.

धर्मा परत खोकला. मी सरळ केला.

"आलं!"

तो परत खोकला. मी फिरवला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा! आता फिरवायचं का सरळ करायचं ह्याचा हिशेबच राहिला नाही. मी आपला सुकाणूसारखा पाइप हाणतोय, खाली बायका "गेलं! आलं! गेलं!" ओरडतायत. त्यात नाच सुरू झाला. बाजाचा आवाज येत होता, आवाजाला मुंग्या लागत नाहीत.

"अवो, सोडा तो पाइप आणि या खाली!" हिची हाक आली. मला वाटलं, संशय आला. मी आणखी घट्ट धरला.

"अवो, ऐकताव का? या हितं!"

"वारा हाय!" मी ओरडलो. समोरच्या माडाचं एक झावळ हलत नव्हतं.

बाजा वाढायला लागला. बायकांचा आवाज बंद झाला, त्यावरून समजलो, बाय आता उडी मारणार. मी पाइपाला छाती लावली. चाळीस वर्षांत कितीतरी वादळं बघितली, पण सुकाणूसुद्धा असं कधी कवळलं नव्हतं. आणि तेवढ्यात धर्माला उबळ आली. खरीखुरी. थांबेचना! कुठला खोकला खुणेचा आणि कुठला विडीचा? मी सगळा जोर लावून पाइप एका बाजूला ओढला. तो खालच्या बांधणीतून उखडला आणि माझ्या हातात आला. पाइप हातात आल्यावर मला धरायला काही उरलं नाही.

मी नळ्यांवरून बसल्या बसल्या सुटलो, टीव्हीतला तो घसरगुंडीवरचा माणूस सुटायचा तसाच. फरक एवढाच की त्याच्याकडे लांब फळ्या होत्या आणि माझ्याकडे अँटिना. कडेवरून मी हवेत गेलो, आणि अंगणाच्या पेळेवर, म्हणजे चिऱ्यांच्या बुटक्या कठड्यावर, डाव्या खुब्यावर उतरलो. पाठोपाठ तीस-चाळीस नळे आले. ते माझ्यावर उतरले.

बाहेर आलेली सगळ्यात पहिली ही. जिला विहिरीवरून येताना चार वेळा टेकावं लागायचं, ती धावत आली.

मी विचारलं, "पडली काय?"

"कोन?"

"ती! बाय!"

"अवो, तुमी पडलात!"

"माजं सोड! ती पडली का उभी राहिली?"

 हिने मागे वळून बायकांना विचारलं. एकीलाही माहीत नाही. धडाम आवाज झाला तशा सगळ्या पडदा सोडून बाहेर धावल्या होत्या. धर्मा खिडकीत होता खरा, पण खोकून खोकून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी सांगितलेलं काम करायचं म्हणून तो खिडकीतून ओरडला, "नाय पडली! नाय पडली! माजे डोळे चांगले हायत!"

"धर्माभावजी," ही शांतपणे म्हणाली, "हे काय हाय?"

धर्मा कच्चा माणूस. त्याने सगळं सांगितलं. खोकल्याची खूण कुणाच्या डोक्यातून निघाली तेसुद्धा सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ही हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या कपाळावरचा नळ्याचा चुरा झाडत बसली.

ती पोरगी पडली की उभी राहिली, हे मला आजतागायत माहीत नाही.

खुबा मोडला होता. सरकारी दवाखान्यात माझा पाय दोरीने वर टांगला आणि दोरीला विटा बांधल्या. डॉक्टर म्हणाला, "अडीच महिने हलायचं नाही." तोच डॉक्टर. हिच्याकडे बघून म्हणाला, "आणि तुम्ही अजून इथेच?"

मुलगा शिमग्याला आला तो पालखी बघायला नाही, आईला न्यायला. खाट अजून होती, चार दिवस थांबायला ते तयार झाले होते.

"ह्यांना असं टांगून ठेवून जाऊ?" ही म्हणाली.

"जा!" मी खाटेवरून ओरडलो. "धर्मा हाय ना!"

"धर्माभावजींच्या भरवशावर तुमी छपरावर गेला हुतात," ही म्हणाली, आणि शेवटचा शब्द झाला.

खूप ओरडलो मी. शिव्या दिल्या. पाय टांगलेल्या माणसाच्या शिवीला काही वजन नसतं. अडीच महिने ती रोज डबा घेऊन चढाव चढून यायची, वाटेत कुठे कुठे बसायची ते सांगायची नाही. मला पुसायची, कुशीवर वळवायची. मला उचलताना तिला लागलेली धाप माझ्या मानेवर यायची. मी भिंतीकडे बघायचो. बाजूच्या खाटांवरच्यांना ती माझी गोष्ट सांगून हसवायची. गाऱ्हाणं, खोकला, विटा, सगळं. रोज थोडं वाढवून. अख्खा वॉर्ड हसायचा, हसताना तिला दम लागायचा. मग ती माझ्या खाटेच्या कडेला हात धरून उभी राहायची आणि म्हणायची, "थांबा, पुडचं सांगते."

माझी काठी सुरू झाली तोवर वैशाख संपत आला होता. दुसरी खाट मिळाली. मुंबईच्या डॉक्टरने तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "फेब्रुवारीत सांगितलं होतं ना? मग?"  टीव्ही बघत होतो, असं सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. मला एवढं एकच विचारायचं होतं. "खरं सांग. पडली असती ती, तर खरंच आली नसतीस?"

"आले असते," ही म्हणाली.

"काय?"

"पेटी गुरवारीच भरून ठेवली हुती. तिकडं मुलाला, इकडं तुमाला, किती दिवस घोर लावायचा?"

"मग तो कौल? नारळ? गाऱ्हानं?"

"माजा जीव घाबरत हुता वो. एकटीला बगवत नव्हतं. वाटलं, कौल म्हटला की तुमी येऊन बसाल बाजूला. कदी बसला नाय तुमी. दोन हाका मारल्या मी तुमाला."

मला आठवल्या. दोन्ही. मी वारा आहे म्हणून ओरडलो होतो.

"बसा की आता," ती म्हणाली, "आता कुठं जाताव काठी घेऊन." आणि माझी मस्करी केल्यासारखं हसली. मी बसलो. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, नर्सबाई दोनदा येऊन ओरडून गेली, तरी बसलो. तिसऱ्यांदा नर्सबाईने मला हाताला धरून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आला आणि उशीर झाला होता म्हणाला. आम्ही तिला रत्नागिरीला आणली. कशी आणली ते लिहीत नाही.

मी अजून लंगडतो. बाजारात, जेटीवर, नवा कोणी भेटला की विचारतो, "तांडेल, पायाला काय झालं?"

मी सांगतो, "बायकोनं बस म्हटलं तिथं बसलो नाय."

माणसं हसतात. त्यांना वाटतं, तिने मारलं!